दोन हंगामांचा माणूस

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात चेस्टरफील्ड नावाचे एक गाव आहे. तेथील जुन्या चर्चचा पिळवटून वाकलेला मनोरा दुरूनच प्रवाशाच्या नजरेत भरतो, आणि त्याच गावात क्वीन्स पार्क नावाच्या सार्वजनिक उद्यानात, जुन्या वृक्षांच्या आणि एका तळ्याच्या सान्निध्यात, क्रिकेटचे एक अतिशय रमणीय क्रीडांगण आहे. १५ सप्टेंबर १९७५ रोजी, सोमवारी, या क्रीडांगणावर डर्बीशायर व लेस्टरशायर यांच्यातील तीन दिवसांच्या सामन्याचा दुसरा दिवस मावळला, तेव्हा लेस्टरशायरचा एक पस्तिशीला टेकलेला फलंदाज ५१ धावांवर नाबाद परतला; त्याने अंगावरचा पांढरा पोशाख उतरवून फुटबॉलचा पोशाख चढवला, तीसएक मैलांचा रस्ता घाईघाईने कापून डॉंकास्टर गाठले, आणि त्याच सायंकाळी डॉंकास्टर रोव्हर्स या चौथ्या श्रेणीतील संघाकडून ब्रेंटफर्डविरुद्ध लीगचा सामना खेळला. तो सामना १–१ असा बरोबरीत सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी हाच गृहस्थ पुन्हा चेस्टरफील्डला हजर होता; त्याने आपले अपुरे शतक पुरे केले, मग चेंडू हाती घेऊन डाव्या हाताच्या मंद फिरकीने तीन गडी बाद केले, आणि १८७९ साली स्थापन झालेल्या व १८९५ पासून कौंटी अजिंक्यपदासाठी झगडणाऱ्या लेस्टरशायरला ते अजिंक्यपद पहिल्यांदाच लाभले. एकाच दिवशी प्रथम श्रेणीचा क्रिकेट सामना आणि इंग्लिश लीगचा फुटबॉल सामना खेळणारा एकमेव खेळाडू म्हणून ज्याचे नाव क्रीडाविश्वाच्या दप्तरात कायमचे दाखल झाले, त्या जॉन ख्रिस्तोफर बाल्डरस्टोनचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ख्रिस बाल्डरस्टोनचे, चरित्र पुढील पानांत सांगितले आहे.

हे चरित्र लिहावयास घेतले तेव्हा प्रारंभीच एक गोष्ट माझ्या मनाशी निश्चित झाली होती, ती ही की या माणसाला त्या एका सायंकाळच्या कैदेतून सोडवले पाहिजे. जो कोणी त्याचे नाव घेतो तो हाच प्रसंग सांगतो, ऐकणारा क्षणभर चकित होतो, आणि तेवढ्यावर दोघांचेही कुतूहल शमते. परंतु ज्याने पावणेदोन दशके दरवर्षी हिवाळ्यात चिखल तुडवला आणि उन्हाळ्यात खेळपट्टीवर घाम गाळला, त्याच्या आयुष्यातील एकच संध्याकाळ उचलून ती नवलाच्या वस्तूप्रमाणे काचेच्या कपाटात मांडून ठेवणे हा त्याच्या कष्टांवर अन्याय आहे असे मला वाटते. त्या सोमवारी घडले ते अपूर्व होते, यात संशय नाही. पण ते आभाळातून पडले नव्हते. आपल्याकडे पाण्याची सोय असलेल्या जमिनीत शेतकरी खरिपाचे पीक काढतो न काढतो तोच रब्बीची पेरणी हाती घेतो, आणि आश्विनाच्या सुमारास असे काही दिवस येतात की एका तुकड्यात कापणी चाललेली असते व लगतच्या तुकड्यात पाभर चाललेली असते. अशा शेतकऱ्याला कोणी चमत्कारी पुरुष म्हणत नाही. त्याला दुहेरी कष्ट आहेत असेच म्हणतात. बाल्डरस्टोनचा तो दिवस असाच दोन हंगामांच्या सांध्यावरचा दिवस होता, आणि त्याचे मोल कळावयाचे तर ते दोन हंगाम, त्यांची वहिवाट आणि त्यांवर पोट असलेल्या माणसांचे जीवन आधी कळले पाहिजे.

इंग्लंडात फुटबॉलचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होऊन एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात संपे, आणि क्रिकेटचा हंगाम एप्रिलच्या अखेरीस उघडून सप्टेंबरच्या मध्यावर मिटे. कागदावर पाहता वर्षाचे हे दोन भाग एकमेकांस पूरक दिसतात, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुष्कळ होतकरू तरुणांनी तसे मानून दोन्ही खेळांवर उपजीविका केली. हिवाळ्यातला क्लब उन्हाळ्यात कमी पगार देई आणि उन्हाळ्यातली कौंटी हिवाळ्यात बहुधा काहीच देत नसे. तेव्हा ज्याच्या पायांत आणि मनगटांत सारखीच विद्या असेल त्याने दोन्ही दारी चाकरी पत्करणे हा हौसेचा नव्हे, प्रपंचाचा मार्ग होता. अडचण असे ती दोन सांध्यांची. ऑगस्ट-सप्टेंबरात फुटबॉलचा व्यवस्थापक म्हणे की संघ बांधण्याचे हेच दिवस आहेत, आणि कौंटीचा कर्णधार म्हणे की अजिंक्यपदाचा निकाल याच दिवसांत लागावयाचा आहे. एप्रिल-मेमध्ये तीच ओढाताण उलट दिशेने होई. ज्याला हे दोन्ही धनी राखावयाचे असत, त्याला वर्षातून दोनदा कोणाला तरी नाराज करावेच लागे.

वेतनाचाही थोडा तपशील येथे द्यावयास हवा, कारण आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे फुटबॉलपटू म्हटला की कोट्यवधींचे करारनामे उभे राहतात. बाल्डरस्टोन या व्यवसायात शिरला तेव्हा इंग्लिश लीगमधील कोणत्याही खेळाडूला, मग तो कितीही निष्णात असो, हंगामात आठवड्याला २० पौंडांपेक्षा आणि उन्हाळ्यात १७ पौंडांपेक्षा अधिक वेतन देण्यास मनाई होती. जिमी हिल या खेळाडूच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची नोटीस दिली तेव्हा कोठे १९६१ च्या जानेवारीत ही मर्यादा रद्द झाली. वेतन मर्यादित होते त्याप्रमाणे मुक्तीही मर्यादित होती. कराराची मुदत संपल्यावरही क्लब खेळाडूची नोंदणी आपल्याकडे अडकवून ठेवू शके आणि त्याच्या मर्जीविरुद्ध त्याला दुसरीकडे जाऊ देत नसे. जॉर्ज ईस्टहॅमने न्यायालयात दाद मागून १९६३ साली या वेठीला पहिला जबर धक्का दिला. या सुधारणांचा लाभ मोठ्या शहरांतील मोठ्या क्लबांना व त्यांच्या नामांकित खेळाडूंना सत्वर झाला; लहान गावांच्या तिजोऱ्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या, आणि म्हणून लहान गावांच्या खेळाडूला दुसऱ्या हंगामाची गरज होती तशीच राहिली.

क्रिकेटची रीत याहूनही जुनाट होती. १९६१ साली बाल्डरस्टोनने यॉर्कशायरतर्फे पहिला सामना खेळला तेव्हा हौशी ‘जंटलमेन’ आणि पगारी ‘प्लेअर्स’ हा भेद अधिकृतपणे अस्तित्वात होता. पुष्कळ मैदानांवर दोघांच्या खोल्या वेगळ्या असत, आणि धावपत्रिकेत हौशी गृहस्थाची आद्याक्षरे त्याच्या नावाआधी व पगारी खेळाडूची आद्याक्षरे त्याच्या नावानंतर छापण्याची वहिवाट होती. १९६२ च्या अखेरीस हा भेद बरखास्त झाला. एखाद्या माणसाच्या श्रमाचा मोबदला त्याच्या नावाच्या मांडणीतही उणेपणा म्हणून दाखवला जावा, आणि ती रीत पाऊणशे वर्षांहून अधिक काळ सभ्य समाजाने खपवून घ्यावी, याचे मला आजही दुःख होते. बाल्डरस्टोनच्या उमेदवारीची पहिली पावले त्या रीतीच्या शेवटच्या दिवसांत पडली.

हडर्सफील्ड हे त्याचे गाव. लोकरीच्या गिरण्या, चढउतारांचे रस्ते आणि धुराने काळवंडलेल्या दगडी घरांचे हे शहर यॉर्कशायरच्या पश्चिम भागात आहे, आणि तेथल्या फुटबॉल क्लबाने १९२४, १९२५ व १९२६ अशी लागोपाठ तीन वर्षे इंग्लंडचे लीग अजिंक्यपद मिळवले होते. बाल्डरस्टोन तेथे दाखल झाला तेव्हा तो वैभवकाळ सरला होता, तरी क्लबाचा व्यवस्थापक बिल शँक्ली होता, ज्याने १९५९ च्या डिसेंबरात लिव्हरपूलचा कारभार हाती घेऊन पुढे तो क्लब नावारूपाला आणला. डेनिस लॉ नावाचा कृश, तिखट पोरगा पुढच्या फळीत होता. आणि बचावात रे विल्सन होता, जो १९६६ साली विश्वविजेत्या इंग्लंडच्या संघात खेळला. अशा तालमीत तयार झालेला बाल्डरस्टोन मधल्या फळीतला खेळाडू होता. वेग हे त्याचे शस्त्र नव्हते. चेंडू पायाशी घेऊन क्षणभर थांबावे, कोण कोठे धावत आहे ते मान वर करून पाहावे, आणि नेमक्या वजनाचा पास नेमक्या ठिकाणी पोचवावा, अशी त्याची पद्धत होती. पुढे त्याला फलंदाजी करताना ज्यांनी पाहिले त्यांना तोच संथ, सावध, सुसंस्कृत स्वभाव दिसला. आणि मंद फिरकी ही तर मुळातच धीराची विद्या आहे. दोन खेळ खेळला असे आपण म्हणतो, पण एकच वृत्ती दोन मैदानांवर वावरत होती असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

यॉर्कशायरच्या क्रिकेट क्लबाविषयी मराठी वाचकाला थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण त्याचा एक धागा आपल्यापर्यंत पोचतो. या कौंटीचा दंडक असा होता की जो यॉर्कशायरच्या हद्दीत जन्मला तोच तिच्याकडून खेळेल. हा जन्मसिद्ध हक्क तेथील लोक आपल्याकडील जुन्या वतनदारांच्या निष्ठेने जपत, आणि तो मोडला तो १९९२ साली. आणि त्या मोडलेल्या दारातून यॉर्कशायरची टोपी घालून प्रथम आत आलेला परका खेळाडू म्हणजे मुंबईचा एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर. बाल्डरस्टोनला या वतनाचा हक्क जन्मानेच मिळाला होता, परंतु वतनाचे वाटेकरी फार होते. एकट्या साठीच्या दशकात यॉर्कशायरने सहा वेळा अजिंक्यपद जिंकले. संघात क्लोज, बॉयकॉट, शार्प, हॅम्पशायर, इलिंगवर्थ अशी माणसे होती. आणि डाव्या हाताच्या फिरकीची ऱ्होड्स, व्हेरिटी, वॉर्डल अशी जी गादी तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, ती डॉन विल्सनकडे होती. फुटबॉल संपवून उशिरा येणाऱ्या आणि फुटबॉलसाठी लवकर निघून जाणाऱ्या तरुणाला अशा संघात स्थान कसे टिकावे? नऊ हंगामांत त्याच्या वाट्याला जेमतेम ६८ सामने आले. ज्या वयात फलंदाज आपल्या कीर्तीचा पाया घालतो, ते त्याचे वय बहुतांशी राखीव खेळाडूंच्या बाकावर गेले.

मग लेस्टरशायरचे दार उघडले. रे इलिंगवर्थ करारनाम्याच्या मुदतीवरून यॉर्कशायरशी बिनसून १९६९ साली लेस्टरशायरचा कर्णधार होऊन गेला होता, आणि १९७१ मध्ये बाल्डरस्टोनही तेथे रुजू झाला. ही गरीब कौंटी. तिची ओळख विजयापेक्षा चिकाटीची. आपल्या दृष्टीने तिचे एक स्मरण मात्र अभिमानाचे आहे: १९११ साली पटियाळ्याच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या हिंदी संघाने इंग्लंडच्या दौऱ्यात ज्या मोजक्या कौंटींना हरवले त्यांत लेस्टरशायर होती, आणि त्या विजयात मोठा वाटा होता तो बाळू पळवणकर यांचा, ज्यांनी त्या दौऱ्यात शंभरांहून अधिक बळी घेतले. बाळू हेदेखील डाव्या हाताचे मंदगती फिरकी गोलंदाज. पुण्याच्या क्लबात चेंडू टाकण्यासाठी व खेळपट्टीच्या निगराणीसाठी पगारावर ठेवलेल्या या चर्मकार तरुणाने आपल्या विद्येच्या जोरावर संघात जागा मिळवली, आणि तरीही चहाच्या वेळी त्यांचा पेला वेगळा राहिला. बाल्डरस्टोनच्या प्रथम दिवसांतील ‘प्लेअर’पणाचा कमीपणा आणि बाळूंनी सोसलेला अवमान यांची मी तुलना करीत नाही, तशी ती होऊही शकत नाही. पण खेळावर पोट भरणाऱ्या माणसाकडे खेळाचे मालक कोणत्या नजरेने पाहत हे समजून घेताना मला पुण्या-मुंबईच्या त्या मैदानांची आठवण टाळता आली नाही.

लेस्टरला बाल्डरस्टोन एकतिसाव्या वर्षी फुलला. १९७२ साली बेन्सन अँड हेजेस चषकाची स्पर्धा प्रथमच भरली, आणि तिच्या अंतिम सामन्यात लॉर्ड्‌सच्या मैदानावर लेस्टरशायरसमोर उभा ठाकला तो यॉर्कशायर. लेस्टरशायरने तो सामना पाच गडी राखून जिंकला. नाबाद ४१ धावा करून सामन्याचा मानकरी ठरला तो यॉर्कशायरने ज्याला नऊ वर्षांत पुरते वापरले नाही तोच बाल्डरस्टोन. लेस्टरशायरच्या इतिहासातील हा पहिला चषक होता.

आता फुटबॉलकडे वळतो, आणि येथे मी वाचकाला थोडे अधिक थांबण्याची विनंती करतो, कारण बाल्डरस्टोनच्या आयुष्याचा गुरुत्वमध्य मला लेस्टरमध्ये किंवा डॉंकास्टरमध्ये न दिसता कार्लाइलमध्ये दिसतो. १९६५ साली तो हडर्सफील्ड सोडून कार्लाइल युनायटेडमध्ये गेला व दहा वर्षे तेथे राहिला; साडेतीनशेहून अधिक लीग सामने त्याने त्या क्लबासाठी खेळले. कार्लाइल हे स्कॉटलंडच्या सीमेवरचे इंग्लंडचे शेवटचे शहर. रोमन लोकांनी बांधलेली हेड्रियनची भिंत त्याच्या जवळून जाते. शतकानुशतके ते सरहद्दीवरचे ठाणे होते, आणि पुढे रेल्वेचे जंक्शन झाले. बिस्किटांचे व कापडाचे कारखाने, सत्तरएक हजारांची वस्ती, आणि सर्व मोठ्या शहरांपासून लांब. तेथील संघाला बहुतेक प्रत्येक परगावच्या सामन्यासाठी बसचा दीर्घ प्रवास करावा लागे. इंग्लिश लीगची रचना तेव्हा अशी होती की ९२ क्लब चार श्रेणींत वाटलेले, वरच्यांना बढती आणि तळच्यांना उतरण. कार्लाइल जन्मापासून खालच्या श्रेणींत वाढलेला क्लब. त्याने अॅलन अॅशमन या व्यवस्थापकाच्या हाताखाली १९७४ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून बढती मिळवून पहिल्या श्रेणीत प्रवेश केला, तेव्हा सबंध देशाला तो एक विलक्षण योगायोग वाटला.

त्या हंगामाच्या पहिल्या दोन सामन्यांत कार्लाइलने चेल्सी आणि मिडल्सब्रो यांना त्यांच्याच मैदानांवर प्रत्येकी २–० असे हरवले. तिसरा सामना २४ ऑगस्ट रोजी ब्रंटन पार्कवर टॉटनहॅमशी होता. सामन्याचा निर्णय एका पेनल्टीवर आला आणि ती घेण्याचे काम बाल्डरस्टोनकडे होते. समोर टॉटनहॅमचा गोलरक्षक पॅट जेनिंग्स, ज्याचे प्रचंड पंजे अवघ्या ब्रिटनमध्ये प्रसिद्ध होते. पहिली पेनल्टी जेनिंग्सने अडवली, पण चेंडू मारण्याआधी तो जागेवरून हलला असा निर्णय पंचांनी दिला व पेनल्टी पुन्हा घेण्याची आज्ञा झाली. एकदा अडवल्या गेलेल्या माणसाने त्याच गोलरक्षकासमोर पुन्हा चेंडू ठेवावा, मागे सरावे, आणि आपल्या गावाचे डोळे पाठीवर घेऊन पुन्हा धावावे, या काही सेकंदांत किती मनोनिग्रह साठलेला असतो याची कल्पना ज्याने कधी शर्थीच्या प्रसंगी हात थरथरू दिला नाही त्यालाच यावी. बाल्डरस्टोनने गोल केला. कार्लाइल १–० असा जिंकला, आणि तीन सामन्यांत तीन विजयांनी सहा गुण मिळवून इंग्लंडच्या फुटबॉल कोष्टकात सर्वांत वर जाऊन बसला.

तो हंगाम संपला तेव्हा हाच क्लब कोष्टकाच्या अगदी तळाशी होता आणि दुसऱ्या श्रेणीत परतला. काही लेखक कार्लाइलची ही कथा ऑगस्टच्या कोष्टकावरच थांबवतात. मला ते प्रामाणिक वाटत नाही. त्या क्लबाच्या माणसांनी सप्टेंबरपासून मेपर्यंतचे पराभवही सोसले, आणि बाल्डरस्टोनने त्या पराभवांच्या हिवाळ्यातही आपली जागा सांभाळली. आणि हे लक्षात घ्यावे की लेस्टर आणि कार्लाइल यांत दोनशे मैलांहून अधिक अंतर आहे. चार वर्षे हा माणूस हे दोन टोकांचे संसार सांभाळत होता. ऑगस्टमध्ये फुटबॉल सुरू झाला की क्रिकेटचा हंगाम अर्धवट टाकावा लागे, आणि ज्या महिन्यांत खेळपट्ट्या कोरड्या पडून फिरकीला साथ देतात नेमक्या त्याच महिन्यांत फिरकी गोलंदाज उत्तरेकडे निघून गेलेला असे.

१९७५ च्या उन्हाळ्यात त्याने कार्लाइल सोडले आणि डॉंकास्टरची नोकरी पत्करली. पहिल्या श्रेणीतून एकदम चौथ्या श्रेणीत! बाहेरून पाहणाऱ्याला ही घसरण वाटेल, परंतु या निर्णयामागे मला मोठी शहाणीव दिसते. पस्तिशीच्या उंबरठ्यावर पायांचा वेग उतरतो, मनगटाची समज मात्र वाढते. क्रिकेटचा हंगाम पुरता पदरात पाडून घ्यावयाचा तर फुटबॉलच्या प्रतिष्ठेवर पाणी सोडावे लागेल, हा हिशेब त्याने केला. आणि लेस्टरशायरच्या दैवाने त्या वर्षी अजिंक्यपद अगदी शेवटच्या सामन्यापर्यंत ताणून धरले. डॉंकास्टर हे तेव्हा कोळशाच्या खाणींचे आणि रेल्वेच्या कारखान्यांचे गाव होते, ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे जगप्रसिद्ध इंजिन तेथेच घडले. तेथल्या बेल व्ह्यू मैदानावर सोमवारच्या रात्री ब्रेंटफर्डशी सामना पाहावयास आलेल्या प्रेक्षकांना त्यांच्या मधल्या फळीतला हा खेळाडू कोठून धावत आला आहे हे कदाचित ठाऊक असेल, कदाचित नसेलही. पण आठवड्याच्या पगाराच्या मोबदल्यात तो वेळेवर हजर होता, आणि चेस्टरफील्डलाही वेळेवर हजर होता. हजेरी हा शब्द आज आपण शाळा-कचेऱ्यांपुरता ठेवला आहे. बाल्डरस्टोनच्या त्या दिवसाचे वर्णन करावयास मला दुसरा शब्द सापडला नाही, आणि खरे सांगावयाचे तर मी दुसरा शोधलाही नाही.

पुढच्या वर्षी, १९७६ मध्ये, त्याला इंग्लंडची टोपी मिळाली. तो उन्हाळा दुष्काळाचा होता. मैदाने करपून तपकिरी पडली होती, आणि वेस्ट इंडीजचे अँडी रॉबर्ट्‌स व मायकेल होल्डिंग हे गोलंदाज भयप्रद वेगाने चेंडू टाकत होते. पहिल्या तीन कसोट्यांत पंचेचाळीस वर्षांच्या ब्रायन क्लोजने त्यांचे आघात छातीवर झेलले. चौथ्या कसोटीला क्लोजच्या जागी जी माणसे आली त्यांत पस्तीस वर्षांचा बाल्डरस्टोन होता. ही कसोटी लीड्‌सच्या हेडिंग्ले मैदानावर होती, म्हणजे ज्या यॉर्कशायरने त्याला बाकावर बसवून ठेवले त्याच यॉर्कशायरच्या अंगणात; आणि तेथे पहिल्या डावात त्याने ३५ धावा केल्या. दुसऱ्या डावात ४. ओव्हलच्या पाचव्या कसोटीत व्हिव्हियन रिचर्ड्‌सने २९१ धावा कुटल्या, होल्डिंगने एका निर्जीव खेळपट्टीवर १४९ धावांत १४ बळी घेतले, आणि त्या चौदांत दोनदा बाल्डरस्टोन होता: दोन्ही डावांत शून्य, दोन्ही डावांत त्रिफळाचीत. त्याची कसोटी कारकीर्द तेथेच संपली. दोन कसोट्या, ३९ धावा. याला अपयश म्हणावयाचे तर खुशाल म्हणावे. पण अठरा वर्षे कष्ट केल्यावर मिळालेल्या चार डावांवरून एखाद्या फलंदाजाचा निवाडा करणे मला मान्य नाही, आणि प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये त्याने काढलेल्या एकोणीस हजारांवर धावा, ३२ शतके व तीनशेहून अधिक बळी यांचा दाखला या निवाड्याविरुद्ध उभा आहे.

असे दुहेरी चाकर त्या काळी एकटा तोच होता असे नाही. ग्लॉस्टरशायरच्या आर्थर मिल्टनने १९५१ साली इंग्लंडच्या फुटबॉल संघातून आणि १९५८ साली क्रिकेट संघातून खेळून पहिल्याच कसोटीत शतक काढले. दोन्ही खेळांत देशाचे प्रतिनिधित्व करणारा तो शेवटचा पुरुष, आणि निवृत्तीनंतर त्याने ब्रिस्टलमध्ये सायकलवरून टपाल वाटण्याची नोकरी आनंदाने केली. जिम कंब्स १९७४ मध्ये वूस्टरशायरच्या अजिंक्य संघात होता आणि १९७५ मध्ये त्याने अॅस्टन व्हिलाचा गोलरक्षक म्हणून लीग चषक जिंकला. फिल नील लिंकन सिटीतर्फे तीनशेहून अधिक सामने खेळला व त्याच्या कर्णधारपदाखाली वूस्टरशायरने १९८८ व १९८९ अशी दोन अजिंक्यपदे मिळवली. ही माणसे एका मागोमाग एक निवृत्त झाली आणि त्यांच्या जागा रिकाम्याच राहिल्या. फुटबॉलची तयारी जुलैपासून सुरू होऊ लागली, क्रिकेटच्या कौंट्या बारमाही करार करू लागल्या, दोन्हीकडे पैसा वाढला, आणि पैसा वाढला तशी मालकी वाढली. एका हंगामाने दुसऱ्याची जमीन गिळली.

बाल्डरस्टोन डॉंकास्टरनंतर सीमेपलीकडच्या डम्फ्रिझ गावी क्वीन ऑफ द साउथ या संघाकडून दोन हंगाम खेळला आणि मग त्याने फुटबॉलचे बूट ठेवून दिले. लेस्टरशायरसाठी मात्र तो १९८६ पर्यंत, म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत, खेळत राहिला. त्यानंतर दोन वर्षांनी त्याने पंचाचा पांढरा अंगरखा घातला आणि पुढील अनेक उन्हाळे इंग्लंडभरच्या मैदानांवर इतरांच्या डावांचा न्याय केला. ६ मार्च २००० रोजी, एकोणसाठाव्या वर्षी, कार्लाइल येथे त्याचा अंत झाला. यॉर्कशायरला जन्मला, लेस्टरने त्याला मान दिला, पण घर त्याने त्या दूरच्या, सरहद्दीवरच्या गावीच केले.

या चरित्राची मांडणी करताना मला काहींनी सुचवले की आरंभ १५ सप्टेंबरच्या सायंकाळी, चेस्टरफील्ड ते डॉंकास्टरच्या रस्त्यावर, धावत्या मोटारीत करावा; वाचक लगेच गुंततो. ती सूचना मी आदरपूर्वक बाजूस ठेवली आहे. तो रस्ता या पुस्तकात येतो, पण त्याच्या वेळी येतो. पहिले प्रकरण हडर्सफील्डच्या लाँगवूड वस्तीत, १९४० च्या नोव्हेंबर महिन्यात सुरू होते, जेव्हा युद्धामुळे लीगच्या अजिंक्यपदाचे फुटबॉल आणि कौंटी अजिंक्यपदाचे क्रिकेट दोन्ही बंद होते, आणि १६ तारखेला तेथल्या एका घरात एक मुलगा जन्मला.